साडेचौदा हजार पौंडांची रेकॉर्ड, बिननावाची कबर : डॅरेल बँक्स

बोल्टनवासी

मंडळी, लिहीन लिहीन म्हणता दोन वर्षं गेली. आज बाहेर पाऊस आहे, बायको-पोरं भारतात आहेत, म्हणून बसलोच.

इथे बोल्टनला, उत्तर इंग्लंडात, कामावर माझ्या शेजारच्या टेबलाला एक गोरे आजोबा बसतात. वय चौसष्ट, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. महिन्यातून एका शनिवारी हा गृहस्थ पिशवीत टाल्कम पावडरचा डबा घालून नाचायला जातो. पावडर अंगाला लावायला नाही, लाकडी जमिनीवर शिंपडायला. आपण कॅरम बोर्डावर टाकतो ना, अगदी त्याच कारणासाठी. मी एकदा गंमत म्हणून सोबत गेलो. तिथे वाजत होती ती सगळी गाणी अमेरिकेतली, १९६५ ते ७० च्या आसपासची, काळ्या गायकांनी गायलेली, आणि त्यांच्या देशात त्या वेळी बहुतेक सपाटून आपटलेली. इथल्या गर्दीला मात्र एकूण एक पाठ.

याला नॉर्दर्न सोल म्हणतात. सोल म्हणजे काळ्या अमेरिकनांचं, चर्चच्या गाण्याचा बाज असलेलं संगीत. नॉर्दर्न म्हणजे इंग्लंडचं उत्तर, अमेरिकेचं नव्हे. लंडनमध्ये सोल सिटी नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, त्याच्या डेव्ह गोडिनने हे नाव रूढ केलं. फुटबॉलची मॅच बघायला उत्तरेकडून आलेली पोरं दुकानात शिरली की नव्या फंकी रेकॉर्डांकडे ढुंकून बघत नसत. त्यांना जुन्या डेट्रॉइटी ठोक्याचीच गाणी हवी असत. तेव्हा 'उत्तरवाल्यांसाठी' म्हणून नोकरांच्या सोयीला हा शब्द आला आणि चिकटला. मग या नाचाचे क्लब आले: मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, ब्लॅकपूलचं मेक्का, आणि माझ्या घरापासून जवळच असलेलं विगन कसिनो, १९७३ ते ८१. नावात कसिनो असलं तरी जुगार नाही, आणि त्या रात्रभरच्या नाचात दारूही मिळत नसे. मध्यरात्र उलटल्यावर दारं उघडायची आणि पोरं सकाळी घामाने निथळत बाहेर पडायची.

त्या रात्री एक गाणं लागलं आणि माझे कान टवकारले. नाचातल्या इतर गाण्यांपेक्षा जरा सावकाश, पण आवाज असा की चर्चमधला माणूस देवाची आळवणी सोडून एका बाईच्या दाराशी येऊन उभा आहे. 'ओपन द डोअर टू युअर हार्ट'. गायक डॅरेल बँक्स.

घरी येऊन शोधत बसलो. मूळ नाव डॅरेल यूबँक्स. जन्म १९३७, मॅन्सफील्ड, ओहायो. वाढला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत. सुरुवात चर्चमधल्या गॉस्पेलने, जशी तिकडच्या बहुतेकांची. १९६६ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या रेविलॉट या चिमुकल्या कंपनीने त्याची पहिली सिंगल (दोन बाजूंना एकेक गाण्याची छोटी रेकॉर्ड) काढली. हेच गाणं. अमेरिकेच्या आर अँड बी (म्हणजे काळ्या श्रोत्यांच्या संगीताच्या) यादीत दुसरा क्रमांक, सर्वसाधारण यादीत सत्ताविसावा. दुसरी बाजू 'अवर लव्ह इज इन द पॉकेट', जी नाचणाऱ्यांना आजही तितकीच प्रिय आहे. त्यानंतर 'समबडी समव्हेअर नीड्स यू', ती बऱ्यापैकी चालली. मग अ‍ॅटकोने उचलला, १९६७ मध्ये पहिली एलपी (बऱ्याच गाण्यांची मोठी तबकडी) आली. मग कोटिलियनवर एक सिंगल. मग १९६९ मध्ये स्टॅक्सच्या व्होल्ट लेबलवर 'हिअर टू स्टे' ही दुसरी एलपी. नाव बघा, 'राहायला आलोय'. फेब्रुवारी १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये एका बाईवरून झालेल्या भांडणात, ड्यूटीवर नसलेल्या एका पोलिसाच्या गोळीने तो मेला. वय ३२.

सगळा हिशेब चार वर्षांचा. सात सिंगल, दोन एलपी.

आता शीर्षकातली रक्कम. १९६६ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये कोण काढणार यावर दोन बड्या कंपन्यांत ओढाताण झाली. डेक्काच्या लंडन या लेबलवर रेकॉर्ड छापली गेली, आणि तेवढ्यात हक्क ईएमआयच्या स्टेटसाइडकडे गेले. लंडनवाल्यांनी माल मागे घेतला. रेडिओ वगैरेंना आधीच पाठवलेल्या थोड्या डेमो प्रती फिरत राहिल्या. दुकानात विकायची साधी प्रत मात्र एकही उरली नाही असंच सगळे धरून चालले होते. आणि २०१४ मध्ये एक सापडली! लिलावात १४,५४३ पौंडांना गेली. तेव्हाच्या दराने चौदा लाख रुपये.

गाणं तेच, आवाज तोच. स्टेटसाइडची प्रत त्या रकमेच्या पासंगालाही पुरत नाही. फरक फक्त मधल्या कागदाच्या चकतीचा.

मला हेच सोडवत नाहीये. ज्याच्या आवाजासाठी लोक वेडे होतात त्याच्या कबरीवर २००४ पर्यंत दगड नव्हता, इतका तो दुर्लक्षित. शेवटी चाहत्यांनीच पुढाकार घेऊन बसवला. मग ही संग्राहक मंडळी त्याची तारणहार की त्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


खडूस_म्हातारा

चौदा लाख. एका गाण्याला. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं कोटेशन यापेक्षा कमी आहे.


निषाद_कोमल

वाचनखूण साठवली. सावकाश वाचतो.


लाखेची_तबकडी

बोल्टनवासी, सुरेख लिहिलंत. मी जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवतो, गेली पस्तीस वर्षं. चोर बाजारात शुक्रवारी पहाटे उकिडवं बसून पाय मोडून घेतलेले आहेत, त्यामुळे 'फक्त कागदाच्या चकतीचा फरक' हे तुमचं वाक्य जरा लागलं.

संग्राहकाला गाणं हवं असतं हा बाहेरच्या लोकांचा गैरसमज आहे. गाणं त्याच्याकडे असतंच. त्याला ती *वस्तू* हवी असते. तिकिटं जमवणाऱ्यांकडे बघा. १८५४ चं चार आण्यांचं, राणीचं डोकं उलटं छापलेलं तिकीट. त्याची किंमत छापखान्यातल्या चुकीची आहे. तुमच्या लंडन लेबलचंही तसंच. ती झालेल्या चुकीची उरलेली एकमेव खूण आहे. ती बँक्सच्या गळ्याची किंमत नव्हेच. तेव्हा तिच्यावरून कुणाच्या टाळूवरचं लोणी वगैरे काढू नये.

दुसरं. आपल्या भास्करबुवा बखल्यांचं गाणं कसं होतं? सांगा कुणीही. पुस्तकात वर्णनं आहेत, शिष्यांच्या आठवणी आहेत, पण आवाज नाही, कारण तबकडीच नाही. बँक्सच्या निदान सात आहेत. आणि त्या टिकल्या त्या कंपन्यांमुळे नाही, कुणीतरी वेडपटासारखं त्या कपाटात उभ्या करून ठेवल्या म्हणून. (आडव्या रचू नका हो, वाकतात. दर महिन्याला कुणीतरी माझ्याकडे बशीसारखी झालेली रेकॉर्ड घेऊन येतं.)


खडूस_म्हातारा

तबकडीशेठ, भावना पोचल्या. पण मग वस्तूच हवी असेल तर तो गायक काय निमित्तमात्र? आणि धागाकर्त्याला एक शंका. यादीत दुसरा क्रमांक मिळालेला माणूस 'दुर्लक्षित' कसा? आपल्याकडे एखादं गाणं बिनाका गीतमालेत दुसरं आलं असतं तर त्याला दुर्लक्षित म्हटलं असतं का?


बोल्टनवासी

शंका रास्त आहे. १९६६ मध्ये तो दुर्लक्षित नव्हताच. दुर्लक्ष नंतरचं. पण ते का झालं याचा एक धागा मला सापडलाय आणि तो पैशांचा आहे.

रेकॉर्डवर गीतकार-संगीतकार म्हणून एकट्या बँक्सचं नाव छापलं होतं. त्यावर डॉनी एल्बर्ट उभा राहिला. हाही गायक, हाही बफेलोत वाढलेला. त्याचं म्हणणं असं की गाणं मूळ माझं, नाव 'बेबी वॉक राइट इन'. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि श्रेय शेवटी दोघांत वाटलं गेलं. यात कोण खरा ते आपण इथे बसून ठरवू शकत नाही. पण हे भांडण एवढं का पेटावं? कारण अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतात. गाणाऱ्याला दमडी नाही. आजही नाही, साध्या एएम-एफएम रेडिओवर तरी. म्हणजे ज्याचं नाव कंसात लहान अक्षरांत छापलंय तो जन्मभर खाणार, आणि ज्याचं मोठ्या अक्षरांत आहे त्याने कार्यक्रम करत हिंडायचं.


डेट्रॉइटची_वहिनी

मी मिशिगनमध्ये गेली एकोणीस वर्षं. या विषयावर मराठीत धागा निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं!

थोडी भर घालते. डेट्रॉइट म्हटलं की लोकांना मोटाउन ही बडी रेकॉर्ड कंपनी तेवढी आठवते. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं तिचं ते घर, आता म्युझियम आहे, पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतो. पण १९६० च्या दशकात त्या घराच्या सावलीत कितीतरी छोट्या कंपन्या जगत होत्या. गोल्डन वर्ल्ड, रिक-टिक, आणि ही रेविलॉट. रेविलॉटमागे दोन माणसं: डॉन डेव्हिस हा गिटारवादक-निर्माता, आणि लेबॅरॉन टेलर हा रेडिओवरचा डीजे. स्वतः डीजे असला की गाणं वाजवायचं कुठे हा प्रश्न निम्मा सुटतो. पण या कंपन्यांचा जीव लहान. गाणं पडलं तर पैसे बुडाले, आणि गाणं फार चाललं तर आणखी पंचाईत. वितरक आणखी प्रती मागतात, कारखाना रोख मागतो, वितरक पैसे देतात तीन महिन्यांनी. हिट गाण्याने बुडालेल्या कंपन्या इथे कमी नाहीत. आपल्याकडे लग्नसराईत मोठी ऑर्डर आल्याने बुडणारे आचारी असतात ना, तसं.

याच रेविलॉटवर १९६७ मध्ये पार्लमेंट्स नावाच्या गटाचं 'टेस्टिफाय' गाजलं. त्यांचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन. पुढे पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक गटांचा म्होरक्या तोच. म्हणजे एकाच चिमुकल्या कंपनीतून एक जण जगभर गेला आणि एक कबरीत.

आणि कबरीबद्दल. वॉरन गावातलं डेट्रॉइट मेमोरियल पार्क हे दफनस्थान १९२५ मध्ये काळ्या व्यावसायिकांनी वर्गणी काढून सुरू केलं. कारण गोऱ्यांच्या दफनभूमीत त्यांच्या माणसांना नीट जागा मिळत नसे, मागच्या दाराने आत न्यावं लागे. 'बिननावाची कबर' म्हणताना तेवढं लक्षात असू द्या, तो बेवारस टाकलेला नव्हता. आपल्या लोकांत होता, दगडाला पैसे नव्हते एवढंच.


निषाद_कोमल

आता वाचलं. आणि ऐकलंही, कालपासून अकरा वेळा.

गाणारा म्हणून थोडं बोलतो. या माणसाचा आवाज जाड आहे, खर्जाकडे झुकलेला, आणि तो वर जाताना आवाज बारीक करत नाही, तसाच जाड वर नेतो. छातीतूनच. आपल्याकडे असं गाणाऱ्याला 'जोर लावतोय' म्हणून नावं ठेवली असती. पण गंमत बघा, तो ओरडत नाही. शब्दाच्या शेवटी किंचित खरखर सोडतो आणि थांबतो. ती थांबायची जागा त्याला कळलेली आहे. त्याच काळातला सोल गायक ओटिस रेडिंग शब्द तोडून तोडून त्याच्या मागे धावतो, हा दाराशी उभा राहून पुन्हा ठोठावतो. विनवणी आहे पण लाचारी नाही.

नंतर व्होल्टवरचं 'नो वन ब्लाइंडर' ऐका. तिथे ठेका बाजूला पडतो आणि हा नुसता गातो. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम तेच, पण नाचता येत नाही त्यावर, म्हणून संग्राहकांच्या बाजारात त्याला पहिल्या गाण्याचा भाव नाही. बोल्टनवासींच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. संग्राहकांनी बँक्सला वाचवलं खरं, पण त्यांना हवा होता तेवढाच.


लाखेची_तबकडी

हे मान्य. अगदी मान्य. आमच्यातही तेच चालतं. दुर्मीळ लेबलवरचं सुमार गाणं काचेत आणि सहज मिळणाऱ्या लेबलवरचं उत्तम गाणं रद्दीत.


मी_आपली_साधीच

एक बावळट प्रश्न. दुर्मीळ आहे म्हणून महाग, हे समजलं. पण गाणं फक्त एकाकडेच असेल तर बाकीच्यांना ते आवडतं कसं? कुणी ऐकलेलंच नसेल ना?


बोल्टनवासी

बावळट अजिबात नाही, या सगळ्या प्रकाराची किल्लीच ती आहे.

डीजेची पत त्याच्या पेटीतल्या रेकॉर्डवर ठरायची. इतर कुणाकडे नाही असं गाणं याच्याकडे असेल तर ते ऐकायला लोक शंभर मैल गाडी हाकत यायचे. मग इतर डीजे हेरगिरी करायचे. लेबल वाचता येऊ नये म्हणून हे लोक त्यावर दुसरा कागद चिकटवायचे आणि गाण्याला, गायकाला खोटं नाव द्यायचे. वर्षानुवर्षं लोक भलत्याच नावाने गाणं ओळखायचे. आपल्याकडच्या जुन्या गवयांनी बंदिशीचे शब्द तोंडातल्या तोंडात चघळून म्हणायचे, कुणी चोरू नये म्हणून, त्याचीच ही गोरी आवृत्ती.

दुसरी पायरी नकली प्रतींची. गाणं गाजलं की कुणीतरी गुपचूप प्रती छापणार.

आणि इथे माझी फजिती सांगतो. गाणं आवडल्यावर मीही रेविलॉटची मूळ अमेरिकन प्रत घ्यायची ठरवली. ती काही फार दुर्मीळ नाही, हिट होती, भरपूर छापली गेली. एका जत्रेत एकाने 'ओरिजिनल' म्हणून दिली. नाव घेत नाही. घरी आणून आजोबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: 'लेबलाचा नको, गाणं संपल्यावर आत जी गुळगुळीत पट्टी असते तिचा पाठव.' त्या पट्टीवर कारखान्याचे नंबर असतात. काही खऱ्या प्रतींवर ते यंत्राने ठोकलेले असतात, काहींवर हाताने कोरलेले, त्यामुळे नुसतं हस्ताक्षर बघून भागत नाही, त्या कारखान्याची पद्धत माहीत असावी लागते. माझ्यावर भलतंच काहीतरी कुणीतरी घाईत खरडलं होतं. नकली. पंचवीस पौंड पाण्यात.


खडूस_म्हातारा

हा हा हा. शेवटी कागदाच्या चकतीने तुम्हालाही टोपी घातली. धाग्याचे पैसे वसूल.


कृष्णाकाठ

इथे सगळे डेट्रॉइटच्या ठोक्यात अडकलेत. दुर्लक्षित आणि संग्राहकांचा लाडका, असा एकच गायक निवडायचा झाला तर माझं मत जेम्स कारला.

जन्म १९४२, मिसिसिपी. वाढला मेम्फिसमध्ये. गोल्डवॅक्स ही कंपनी, तिचा मालक क्विंटन क्लाँच. हा हार्डवेअरच्या धंद्यातला. त्याचा भागीदार औषधं विकणारा. आणि कारचा मॅनेजर रूझवेल्ट जेमिसन रक्तपेढीत काम करणारा. तो एके रात्री कार आणि ओ. व्ही. राइट या दोघांना घेऊन क्लाँचच्या दाराशी उभा राहिला, हातात टेप. क्लाँचने दिवाणखान्यात बसून ऐकली. एका रात्रीत दारात दोन असे आवाज! आमच्याकडे रात्री दार वाजलं तर पाण्याची मोटर चालू राहिली म्हणून शेजारी सांगायला आलेला असतो.

'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' सगळ्यात आधी कारने गायलं, १९६७ मध्ये बाहेर आलं. डॅन पेन आणि चिप्स मोमन यांनी नॅशव्हिलला डीजे मंडळींच्या मेळाव्यात, पत्त्यांच्या डावातून उठून, क्लाँचच्या हॉटेलच्या खोलीत बसून अर्ध्या तासात लिहिलं. क्लाँचची अट एकच: खोली घ्या, पण गाणं कारला द्या. पुढे कितीजणांनी गायलं त्याला गणती नाही. पेनला कायम विचारतात कुणाचं सर्वांत चांगलं, तो कारचंच नाव घेतो.

पण कारला बायपोलर होता. तेव्हा हे नाव रूढ नव्हतं. स्टुडिओत मायक्रोफोनसमोर तासन्‌तास नुसता बघत बसायचा. गोल्डवॅक्स १९६९ मध्ये मिटली. १९७९ मध्ये जपानी चाहत्यांनी त्याला बोलावलं. टोकियोत गोळ्या जास्त झाल्या आणि तो मंचावर पुतळ्यासारखा उभा राहिला. २००१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.

म्हणून मला संग्राहकांचं कौतुकही वाटतं आणि भीतीही. अमेरिकेत त्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा जपानमध्ये त्याच्या रेकॉर्डा पुन्हा काढल्या गेल्या, हे खरं. पण तबकडीतला माणूस त्यांना तबकडीसारखाच पुन्हा वाजायला हवा होता.


निषाद_कोमल

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, कृष्णाकाठ. ज्यांनी बोलावलं त्यांना त्याच्या आजाराची काय कल्पना असणार? त्यांनी तिकीट काढून दिलं, हॉल भरवला. त्याच्या गावात कुणी भरवला होता?


कृष्णाकाठ

बरं, मागे घेतो. अर्धंच.


डेट्रॉइटची_वहिनी

सगळे मेलेल्यांचंच काय बोलताय? एक जिवंत उदाहरण देते.

बेटी लव्हेट, सोल गायिका. मिशिगनचीच, वाढली डेट्रॉइटमध्ये. १९६२ मध्ये सोळाव्या वर्षी पहिलं हिट. मग दर दोन-तीन वर्षांनी नवी कंपनी, नवं गाणं, पुन्हा शून्य. १९७२ मध्ये अटलांटिक कंपनीने तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत पाठवून पूर्ण एलपी ध्वनिमुद्रित केली आणि मग काढलीच नाही. कारण दिलं नाही. ती सांगते की ते कळल्यावर ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. त्या टेपा कपाटात पडून राहिल्या. जवळपास तीस वर्षांनी एका फ्रेंच संग्राहकाने त्या हुडकून, हक्क मिळवून, २००० मध्ये 'सुव्हनीर्स' नावाने काढल्या. त्यानंतर तिला पुन्हा विचारणा सुरू झाली. २००८ मध्ये केनेडी सेंटरच्या सन्मान सोहळ्यात द हू या ब्रिटिश रॉक बँडचं गाणं तिने असं गायलं की समोर बसलेले बँडमधले दोघे बघतच राहिले. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीआधीच्या कार्यक्रमात लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. वय ६२.

म्हणजे टाळूवरचं लोणी खाणारे असतील, पण हाही संग्राहकच. फरक एवढाच की त्याने कपाट उघडलं तेव्हा ती जिवंत होती. बँक्स मेला तेव्हा विगन कसिनो सुरूही झालं नव्हतं.


बोल्टनवासी

हे तारखांचं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. १९७० ला गेला, कसिनो १९७३ चं. ज्या जमिनीवर त्याची गाणी वाजली तिथे तो कधी उभा राहिलाच नसता. इतर बऱ्याच अमेरिकन गायकांना इथे बोलावलं गेलं. तिकडे नोकऱ्या करत होते बिचारे, आणि इथे उतरल्यावर बघतात तर विशी-पंचविशीची गोरी पोरं त्यांच्या विसरलेल्या गाण्याचा शब्द न् शब्द म्हणतायत.

खडूसकाका, तुमचा 'वस्तू की गायक' हा प्रश्न राहिलाच होता. इथे ब्रिटनमध्ये चित्रकाराचं चित्र लिलावगृहात किंवा व्यापाऱ्याकडे पुन्हा विकलं गेलं तर त्याला किंवा वारसांना थोडा हिस्सा मिळतो, २००६ पासून तसा कायदा आहे. रेकॉर्डला तो नाही. त्यामुळे १४,५४३ मधले बँक्सच्या घरी शून्य गेले, आणि यात कुणी बेकायदा काही केलं असंही नाही.

आणि तुमच्या माहितीसाठी, साडेचौदा हजार म्हणजे काहीच नव्हे. फ्रँक विल्सन नावाच्या मोटाउनच्या निर्मात्याने १९६५ मध्ये स्वतः एक गाणं गायलं, थोड्या डेमो प्रती निघाल्या आणि जवळपास सगळ्या नष्ट केल्या गेल्या. उरलेल्यांतली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना आणि पुढे २०२० मध्ये एक लाखाला विकली गेली. तो भला माणूस पुढे धर्मोपदेशक झाला होता.


खडूस_म्हातारा

एक लाख पौंड. म्हणजे कोटीच्या घरात. आता मला लिफ्टवाल्याचं काहीच वाटत नाही.


मी_आपली_साधीच

मी काल जेवण करताना ते 'अवर लव्ह'वालं लावलं. सासूबाई हॉलमधून म्हणाल्या, 'हा कोण गं? बरा गातोय. वाढव जरा.' एवढंच सांगायचं होतं.


लाखेची_तबकडी

साधीच ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार. अडीच दिवस आम्ही वाद घालतोय तो त्यांनी कढई उतरायच्या आत मिटवला.

बोल्टनवासी, एक काम करा. ती नकली प्रत फेकू नका. त्या काळच्या नकला आता स्वतःच जमवल्या जातात, हसू नका. शिवाय तिच्यात बँक्सच गातोय ना? डिसेंबरात पुण्याला येणार असाल तर घेऊन या, माझ्याकडे ऐकू. अमेरिकन प्रतीचं मधलं भोक मोठं असतं, माझ्याकडे त्याची प्लास्टिकची चकती नाहीये. ती तेवढी तिकडून आणा, दोन आणा, एक हरवते.


बोल्टनवासी

आणतो. येताना आजोबांकडून स्टेटसाइडचीही मागून बघतो, पण देतील असं वाटत नाही. गुडघा देतील एक वेळ.